पस्तीस मार्कांचं रान

आग्नेसबाई स्वतःचं चित्र वाळायच्या आतच त्याला नापास करायच्या. ब्रश पाण्याच्या डब्यात टाकला, की कानामागे खोचलेली लाल पेन्सिल निघालीच. कागद अजून ओला असायचा आणि कोपऱ्यात आकडा पडायचा. एकवीस. सत्तावीस. नशीब फारच जोरावर असलं तर तेहेतीस. पास व्हायला पस्तीस लागतात, हे त्यांनी आमच्या उमेळे गावातल्या दोन पिढ्यांना गणिताच्या तासाला ठणकावून सांगितलेलं. मला नववीत त्यांनी चौतीस दिले होते. त्या एका मार्कासाठी मी आणि माझी आई त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिलो, तर म्हणाल्या, "मार्क माझ्या घरचे नाहीत, की वाटीभर साखरेसारखे उसने द्यावेत. पेपरात असता तर मिळाला असता."

निवृत्त झाल्यावर त्यांनी जलरंग हातात घेतले, ते फक्त झाडं काढायला. त्यांच्या वडिलांची वाडी होती. नारळ, फणस, मधोमध बावखल. वाडीतल्या त्या तळ्यात आम्ही सगळ्या मुली पोहायला शिकलो. पुढे झाडं गेली, बावखल भरणी टाकून बुजवलं आणि तिथे सोसायटी उभी राहिली. मग बाईंना झाडांसाठी तुंगारेश्वरच्या जंगलात जावं लागायचं. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली, की मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून न्यायची. त्यांच्या पुढच्या खोलीत, येशूच्या तसबिरीशेजारी, एक रिकामा खिळा होता. "पास झालेलं पहिलं रान इथे लागणार," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वर्षं गेली, खिळा गंजला, पण रान काही पास होईना.

मला तर इतका संताप यायचा! एकदा त्यांनी खोडांच्या मधून येणारं ऊन असं काही काढलं, की मी तिथेच म्हटलं, "बाई, हे लावा खिळ्याला."

"कसलं ऊन? कागद कोरा राहिलाय. आणि कोरा तरी धड आहे का? मळका दिसतोय."

"बाई, उजेड हवा तिथे कागद मोकळा सोडायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"उत्तराची जागा मोकळी सोडणाऱ्याला मी मार्क देत नाही." आणि लाल पेन्सिलीने बावीस. परतीच्या वाटेवर मी रागाने स्कूटर पळवली. मागे बसून त्या कुरकुरत होत्या, "हात चुकतोय गो माझा, कुठेतरी हात चुकतोय." त्या आवाजाने माझा राग निम्मा व्हायचा, पण निम्माच.

नापास चित्रं दाराजवळच्या टोपलीत पडायची. आळीतली पोरं नाताळचा गोठा करायची, तेव्हा मागच्या डोंगरासाठी ती गठ्ठ्याने उचलून न्यायची. "न्या रे, मेंढरांना चालेल," बाई म्हणायच्या.

हळूहळू त्यांची रानं काळोखी व्हायला लागली. मोकळा कागद म्हणून दिसेना. आणि एक दिवस सकाळीच फोन, "ये लवकर. एक्केचाळीस!" मी धावत गेले. खिळ्यावर चित्र लागलेलं, बाई समोर खुर्ची टाकून बसलेल्या, चेहरा असा फुललेला, की लग्नघरच जणू. आणि चित्र? रान निळीच्या बादलीत बुचकळून वाळत घातलं होतं.

"बाई, फार निळं झालंय हो."

"गणित कच्चं होतं तुझं. आता नजरही कच्ची का?"

कपाळ माझं! चहा घेतला आणि घरी आले.

त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून मी त्यांना घरी आणलं. पुढच्या खोलीत शिरून त्यांनी चष्मा जरा वर केला आणि खिळ्यासमोर थबकल्या.

"हे कोणी काढलं?"

"तुम्हीच, बाई."

"अगो, असं निळं रान असतं का कुठे?" त्यांनी ते उतरवलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

नाताळच्या दिवशी दुपारी मी त्यांना गोठा बघायला नेलं. गवत, मेंढरं, मरियम, योसेफ, आणि मागे डिंकाने चिकटवलेलं एक रान. खोडांमधला तो मोकळा कागद असा उजळलेला, की खरंच सकाळ झाल्यासारखी वाटत होती. आभाळात पोरांनी चांदणीचा दिवा बसवायला कात्रीने भोक पाडलेलं. गाढवाच्या कानाशेजारी लाल बावीस. बाई किती तरी वेळ उभ्या. त्या प्रार्थना करताहेत असं वाटून एका बाईने त्यांच्या हातात मेणबत्ती आणून दिली. ती तशीच धरून त्या मोठ्याने म्हणाल्या, "कागद मळका नव्हता गो! डोळा मळका होता माझा. सगळं पिवळट दिसायचं म्हणून मी निळा ओतत गेले आणि हाताला शिव्या देत बसले."

जानेवारीत तीन राजांचा सण झाल्यावर पोरांनी गोठा मोडला आणि चित्र अलगद सोडवून आणून दिलं. बाईंनी बावीस खोडले, पस्तीस लिहिले आणि ते खिळ्याला लावलं. जन्मात कुणाचे मार्क न बदललेली बाई!

"पस्तीसच?" माझा पुन्हा चडफडाट.

"मध्ये भोक आहे. त्याचे कापले." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "तुला मी नववीत किती दिले होते?"

"चौतीस."

"पेपर आहे तुझ्याकडे?"

"बाई, तेव्हा कुठे मोतीबिंदू होता तुम्हाला!"

"मला तरी कुठे कळलं होतं तो कधी आला ते? पेपर आण. पुन्हा बघते."

तेव्हापासून भेट झाली की तेच. मी हसून उडवून लावायची. गेल्या उन्हाळ्यात, शेवटच्या दुखण्यात, उशीवरून मान वळवून त्यांनी पुन्हा विचारलं, "सापडला का गो पेपर?" मी म्हटलं, "शोधतेय, बाई."

कुठून सापडणार? चौतीस बघून मी तो त्याच दिवशी, शाळेतून येताना, त्यांच्या वडिलांच्या बावखलात भिरकावला होता. आणि बावखलावर आता सात मजले उभे आहेत.