आमची इटली गोत्रीतच सुरू झाली

इटलीचा अल्बम काढला की चार फोटो बघून होतात आणि गप्पा निघण्याआधीच्या दिवसांवर घसरतात. तिकडे आम्ही राहिलो थोडेच दिवस. तयारी मात्र अख्खा हिवाळा चालली. एवढा काळ घरातली माणसं एकाच टेबलाशी बसल्यावर किस्से साचणारच.

माणसं आम्ही चार. आई, बाबा, मी आणि माझी बायको अनुजा. बाबा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. फ्लॉरेन्समधली चित्रं त्यांनी आयुष्यभर मुलांना पुस्तकातून दाखवली. अँजिओप्लास्टी होऊन घरी येताना रिक्षात म्हणाले, "एकदा खरी बघून येऊ." त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. तिथून सुरुवात.

*

नेट तेव्हा घरी नव्हतं. बडोद्यातल्या आमच्या गोत्री रोडवरच्या सायबर कॅफेतून मी तिकडच्या गाड्यांचं टाइमटेबल छापून आणलं. बाबा चष्मा लावून बसले. दुसऱ्या दिवशी उतरल्या चेहऱ्याने म्हणाले, "रोमहून निघणारी एकही गाडी फ्लॉरेन्सला थांबत नाही रे."

अनुजाने कागद घेतला. "बाबा, हे फिरेंझे म्हणजेच फ्लॉरेन्स. तिकडे तसं म्हणतात."

"म्हणजे आपण बडोदा म्हणतो आणि पाटीवर वडोदरा असतं, तसं?"

"तसंच."

"मग ठीक. गाव ओळखीचं निघालं."

*

आईचा घोर वेगळा. रोम ते फ्लॉरेन्स किती वेळ लागतो, तिने विचारलं.

"दीड तास."

"मग जेवायचं कधी?"

"उतरल्यावर," मी म्हटलं.

संध्याकाळी आई हळूच अनुजाला म्हणाली, "पुढे व्हेनिसला जाताना जरा सावकाश चालणारी गाडी बघ. थेपल्यांचा डबा उघडायला तरी वेळ मिळू दे."

अनुजाने खरंच स्टेशन-स्टेशनवर थांबणारी गाडी शोधली. बाबाही खूश, मधली गावं दिसणार होती. आम्ही तिनेच गेलो.

*

शेजारचे जयेशभाई विश्वामित्री नदीचे पूर बघितलेले गृहस्थ. व्हेनिसमध्ये गल्लोगल्ली पाणी आहे, हे ऐकून ते गंभीर झाले.

"केटला दिवसथी?"

"कायमचंच आहे, जयेशभाई. लोक होडीतून फिरतात."

ते बराच वेळ हळहळले. मग म्हणाले, "अने म्युनिसिपालिटी कंई करती नथी?"

*

आता डॉक्टर. त्यांची अट एकच. बॅग घेऊन जिना चढल्यावर बाबांच्या छातीत दुखलं नाही, तर खुशाल जा. आईने ठरवलं, रंगीत तालीम करायची. तिकडे हमाल नसतात, असं तिच्या कानावर आलं होतं.

रविवारी सकाळी प्लॅटफॉर्म तिकिटं काढून आम्ही चौघं भरलेल्या बॅगा घेऊन आपल्या स्टेशनच्या पुलाखाली उभे राहिलो. बाबांनी बॅग उचलली. आई एक पायरी मागे, नजर त्यांच्या पाठीवर.

अर्ध्यावर ते थांबले. कठडा धरला. मी पुढे व्हायला लागलो, तर अनुजाने माझा हात धरला.

बाबांनी श्वास घेतला, बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि उरलेल्या पायऱ्या चढून गेले. वर पोचल्यावर छातीवर हात ठेवून उभे राहिले.

"दुखतंय का?" आईने विचारलं.

"नाही. काहीच नाही."

आईने डोळ्यांना पदर लावला. म्हातारी बाई रडतेय, गाडी चुकली असणार, असं वाटून एक हमाल जवळ आला.

"मासी, कई गाडी छे तमारी?"

आई अजून बाबांकडेच बघत होती. "रोमहून फ्लॉरेन्सला जाणारी," ती म्हणाली.

हमालाने खाली प्लॅटफॉर्मवर एक नजर टाकली.

"ए तो लेट छे, मासी. शांतीथी बेसो."