हाडं पुसणाऱ्या मावशी

मार लागलेलं हाड हातात दिलं की मावशी आधी एकच विचारायच्या, "हा पुढे जगला का, सांग." आम्ही दुसऱ्या वर्षाची मुलं कवटीवरच्या भेगेकडे नुसतं बघत राहायचो. मग त्या भेगेच्या कडेवरून अंगठा फिरवून दाखवायच्या. कड गुळगुळीत असली तर हाड भरत आलं होतं, माणूस जगला होता. धारदार असली तर त्याला तेवढा वेळ मिळाला नव्हता.

मावशी आमच्या मेडिकल कॉलेजच्या म्युझियममध्ये अटेंडंट होत्या. शिक्षण सातवी, माहेर जालन्याकडचं, राहायला विक्रोळीत. तिथली हाडं इंग्रजांच्या काळापासून जमवलेली. गोळी आरपार गेलेली मांडी, घाव बसलेली कवटी, यंत्रात चिरडलेला पंजा. दर सोमवारी त्या कपाटं उघडून मऊ ब्रशनं सगळी पुसायच्या. नमुना हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. "खिडकीजवळच्या पेशंटला हलवू नकोस, त्याचा गुडघा सुटतो," असं बोलायच्या. आम्ही हसायचो. त्यांना राग यायचा नाही. एवढं कसं कळतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "सर लोक शिकवायचे. मी पुसता पुसता ऐकायचे."

एका बाईच्या हाताचं हाड होतं, कोपरापासून करंगळीच्या बाजूनं जाणारं. मधोमध मोडून वाकडं जुळलेलं. चिठ्ठीवर फक्त जुनं फ्रॅक्चर असं लिहिलेलं.

"माणूस पडला तर हात टेकतो, मनगट मोडतं," मावशी म्हणाल्या. "हे मधेच मोडलंय." त्यांनी डावा हात उचलून कपाळासमोर आडवा धरला. "हिनं असं केलं होतं."

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझी ताई बोरिवलीला माहेरी आली, डावा हात प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये घसरले म्हणाली. आई लगेच तेलकट फरशीबद्दल बोलायला लागली. मी एक्स-रे खिडकीशी धरून पाहिला. मनगट शाबूत, करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलेलं. मग तो पाकिटात घालून परत दिला आणि चहा प्यायले. तेव्हा मला काय वाटलं, ते आजही आठवत नाही. बहुधा काहीच वाटलं नाही.

ताई सासरी परतल्यावर सोमवारी मावशींना सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"तिला विचारलंस?"

"नाही."

"मग कोण विचारणार?"

मावशींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला घेऊन मुलुंडला ताईच्या घरी गेल्या. भावजी ऑफिसला गेले होते. सासूबाई हॉलमध्ये टीव्ही बघत होत्या. कॉलेजातल्या मावशी, एवढीच मी ओळख करून दिली. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि प्लास्टरवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "कशानं मारलं गं?"

ताई ओट्याकडे वळली. "घसरले हो मावशी."

"बरं." त्यांनी गॅसच्या पुस्तकावर आपला नंबर लिहिला. "विक्रोळीला माझी खोली आहे. मी एकटीच असते."

दीड महिन्यानं ताई एक बॅग घेऊन घरातून निघाली. ती बोरिवलीला आली नाही, विक्रोळीला गेली. सात महिने मावशींकडे राहिली. पोलीस स्टेशनला, कोर्टाला मावशी बरोबर असायच्या. आई दोनदा न्यायला गेली आणि दोन्ही वेळा एकटीच परतली.

एकदा मी ताईला विचारलं, "माझ्याकडे का नाही आलीस?"

ती भाजी निवडत होती. "तू एक्स-रे उजेडात धरून पाहिलास," ती म्हणाली. "मला वाटलं, आता ही विचारेल. तू पाकीट परत दिलंस." आवाज अगदी साधा होता. मीही थोडी भाजी निवडली.

पुढे मावशी रिटायर झाल्या. ताईला अंधेरीत नोकरी लागली, पण तिनं घर विक्रोळीतच घेतलं, मावशींच्या मागच्या गल्लीत. मी डॉक्टर झाले, कामात बुडाले. सणाला फोन करायचे, तेवढंच.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पोचले तेव्हा बुद्धवंदना सुरू झाली होती. ताई पांढरी साडी नेसून पुढे बसली होती. नंतर तिनंच सगळ्यांना वाढलं. मावशींच्या गावाकडची एक म्हातारी तिला म्हणाली, "तू यांची लेक का गं?"

"हो," ताई म्हणाली.

म्हातारी माझ्याकडे वळली. "आणि ही?"

ताईनं माझ्या पानात भात वाढला. "ही त्यांच्या कॉलेजातली," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.