वहीतून वहीत गेलेलं भाषण

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आमच्या शाळेतल्या शिपाईचाचांचं नाव घेतो. दहावीत गणितात नापास होऊन मी कोळारच्या कारखान्यात पोती उचलायला गेलो, तेव्हा औरादहून बस बदलत ते मला शोधत आले. “कामून पळालास रे? ही मशीन तुला पास करणार हाय का? चल, फॉर्म भरायचाय.” घराण्यातला पहिला पदवीधर मी खरं तर त्या दिवशी झालो.

आमच्या भागात पंधरा ऑगस्टनंतर महिनाभरानं पुन्हा झेंडावंदन होतं. सतरा सप्टेंबरला निजामाचं राज्य संपून आम्ही भारतात आलो, म्हणून. दोन्ही वेळा झेंडा चाचाच बांधायचे. नववीत सतरा सप्टेंबरचं भाषण मी स्वतः लिहिलं. त्यात एक ओळ होती: ‘त्या दिवशी एकाही घरात डोळ्यांत पाणी नव्हतं.’ टाळ्या पडल्या. सगळे पांगल्यावर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता चाचा म्हणाले, “झकास बोललास बाळ. पण आमच्या घरात रडायलते.”

त्यांचे आजोबा साधे शेतकरी. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण निजाम हरल्यावरच्या सुडाच्या गडबडीत चार माणसं दारात आली आणि त्यांना घेऊन गेली. आजी पुढं कैक वर्षं त्यांचं ताट झाकून ठेवायची. मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं. आणि तरीही, दोन वर्षांनी कोळारला मला शोधत आले ते हेच चाचा.

आता मी राजेश्वर गावाकडच्या एका शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे भाषणाची वही धाकट्यांना द्यायची रीत आहे. माझीही तशीच गेली, या वहीतून त्या वहीत उतरत. दर सप्टेंबरला कुणीतरी मूल माझ्यासमोर हात वर करून तीच ओळ म्हणतं, मी जिथं थांबलो होतो तिथंच थांबून. मला मुलाचा चेहरा दिसत नाही, पाठमोरे चाचा दिसतात. यंदा ती ओळ माझ्या मुलीच्या वहीत आली. मग मी चाचांना पत्र लिहिलं:

“चाचा, सलाम. ती ओळ माझी होती, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. यंदा झेंड्याखाली उभं राहून सांगणार आहे. ती खोटी आहे, एवढं मला एकट्याला सांगता येईल. पण का खोटी, हे सांगायला तुमच्या आजोबांची गोष्ट लागते, आणि ती तुमची आहे. सांगू का? नको म्हणालात तर त्यांचा उल्लेख करणार नाही. पण लेकीनं विचारलंय, ‘पप्पा, ही ओळ खोडली तर तिथं काय लिहू?’ ते मात्र तुम्हीच सांगा.”