मामासाहेबांची नथवाली

मासा गळाला लागला की मामासाहेब त्याच्याशी अदबीने बोलत. "या, या! घरची मंडळी ठीक?" असे विचारीत त्याला काठाशी घेत. धार दरबारच्या शिकारखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ माणसांवर मात्र वाघासारखा गुरगुरे.

सरदारपूरच्या वाटेवर माही नदीचा एक डोह होता. तिथे आम्ही चौघे दर रविवारी गळ टाकून बसत असू. त्यांत मी एकटा ब्राह्मण. मासा पकडायचा, खायचा नाही! मामासाहेब कपाळाला हात लावीत. "पंडित, तुम्ही म्हणजे पान वाढून घेऊन पंगतीतून उठणारे!"

गाबोळीने फुगलेली मासळी ते कधी ठेवीत नसत. "पोटुशी आहे. जाऊ द्या तिला माहेरी," म्हणून अलगद सोडून देत.

मग रस्त्यावर पुलाचे काम निघाले आणि मजुरांनी डोहात बारूद फेकली. बोटाएवढी पिलेसुद्धा पोट वर करून तरंगली. मामासाहेब मुकादमावर गरजले. तो शांतपणे म्हणाला, "बासाब, हुकुम दिखाओ." हुकूम कुठला? दरबारात अर्ज केला, तर मासे कोणत्या खात्याकडे येतात, याचीच चौकशी सुरू झाली!

"खाती गेली खड्ड्यात," मामासाहेब म्हणाले आणि तिथेच अर्जुनाच्या झाडाखाली आमची मत्स्यरक्षक मंडळी स्थापन झाली. सभासद चौघे, शस्त्र एक : मामीसाहेबांची नथ. ती मामीसाहेबांनी आपल्या हाताने उतरवून दिली. "नवरी सजवताय, तर दागिना खराच हवा."

पुढच्या रविवारी बारुदीतून वाचलेली एक थोराड बाडस मासळी गळाला लागली. मी शेपूट धरले. मामासाहेबांनी तिच्या वरच्या ओठात नथ अडकवली आणि काठावरच्या माताजीच्या ओट्यासमोरच्या उथळ पाण्यात तिला सोडले. धुणे धुणाऱ्या बायांनी पाण्यात सोने चमकताना पाहिले, अन् काय सांगू! संध्याकाळी मुकादम अनवाणी उभा. "अरे भिया, या तो माताजी की मछली हे! बारूद फेंको मती!"

डोह वाचला. बाया कणकेच्या गोळ्या घेऊन येऊ लागल्या. आम्ही गळाच्या छड्या घेऊन ऐटीत गेलो, तर मुकादम आडवा. "बासाब, गळ इधर नी चले!"

मामासाहेबांनी एका वाक्यात त्याला खरे सांगितले असते, तर गळ चालला असता. आणि उद्या बारूदही. त्यांनी छडीची दोरी गुंडाळली. "पंडित, सरका जरा. आता मीही तुमच्याच पंगतीतला." त्यानंतर ते दर रविवारी कणीक घेऊनच येत आणि घरच्या मंडळींची विचारपूस करीत.

ते गेल्यावर, तेराव्यानंतर, मामीसाहेब पडद्याच्या दमणीतून पहिल्यांदाच डोहावर आल्या. त्यांनी गोळ्या टाकल्या. पाणी ढवळले, खाली काहीतरी चमकले. मी हळूच म्हणालो, "मामीसाहेब, नथ काढून आणू? एक गळ टाकला की झालं."

"नको, पंडित," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "माझ्या नाकात असती, तर आता उतरवावी लागली असती. तिची राहू दे."