सुधाचा आरसा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, ब्रिस्टलच्या आमच्या दुर्बीण-क्लबातल्या मित्रांना नाही. आणि सुधाला तर — ती आता नाहीच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सुधाने, माझ्या बायकोने, गॅरेजमध्ये उभं राहून दुर्बिणीचा आरसा हाताने घासला. काचेवर काच, मध्ये ओली पूड, अख्खा हिवाळा. मी विमानांच्या कारखान्यातला इंजिनिअर, आणि माझी दुर्बीण दुकानातली. क्लबातले गोरे मला विचारायचे, "अँड यू मेड द टी, डिड यू?" मी हसायचो. आत काय व्हायचं — ते मला नीट ठाऊक आहे.

मग तिने कॅमेरा जोडला. अशा दुर्बिणीत कडेचे तारे ताणले जातात, म्हणून एक सुधारक भिंग लावतात. ते फिल्मपासून नेमक्या अंतरावर लागतं. अंतर चुकलं की मधले तारे बारीक ठिपक्यांसारखे येतात, कडेच्यांना शेपट्या फुटतात. तिचे फोटो धुऊन आले ते अगदी तसेच.

"अहो, माझं कुठे चुकलं?"

मला दिसत होतं. मधले तारे सुईच्या अग्रासारखे — म्हणजे आरसा उत्तम. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक पातळ रिंग हवी होती, बस. कारखान्यात चहाच्या सुट्टीत लेथवर कातून आणली असती. आणि मी काय म्हणालो? "आरशातच खोट आहे. परत घास."

कसला नीच माणूस असं बोलतो? चुकून नव्हे — समजून, शांतपणे?

तिने ऐकलं, कारण इंजिनिअर मी होतो. परत घासला. पुन्हा घासला. चांगला आरसा खरोखरच बिघडला. मग तिने तो जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि गॅरेज गाडीला परत दिलं.

पुढच्या हिवाळ्यात तिचंच भिंग मी माझ्या दुर्बिणीला लावलं — रिंग घालून. फोटो क्लबाच्या भिंतीवर लागले. टाळ्या वाजवणाऱ्यांत सुधा होती. संताप येतो मला त्या टाळ्या घेणाऱ्याचा, अजून येतो.

शेवटच्या वर्षी नातीने तिला विचारलं, "आजी, तू खरंच टेलिस्कोप बनवला होतास?"

"बनवला होता गं, पण आरसा वाकडा झाला. आजोबांनी वेळेवर सांगितलं म्हणून, नाहीतर तसाच मिरवत बसले असते."

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.