न सांडलेली घागर

मी लिहावे की नाही, याचा निर्णय करण्यात चार वर्षे गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतील चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या. स्वतःची वाक्ये लिहायला बसलो तो निवृत्तीनंतर, तेही चाचरत. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांना माझी वाक्ये चांगली ओळखता येत. त्यामुळे संकोच अधिकच वाटतो. या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

त्यांना आमच्याकडे सारे ‘डायरेक्टर’ म्हणत. कुणाचे बोलणे मन लावून ऐकायचे असले की ते त्या माणसाकडे पाठ करून बसत. बीडच्या एस.टी. स्टँडवर भिंतीकडे तोंड करून बसलेले हे गृहस्थ पाहून अनोळखी माणसाला वाटे, घरच्यांवर रुसून आले असावेत. पण त्यांचे कान मागच्या बाकावर असत. “तोंडाकडं बघितलं की माणूस आपल्याला आवडंल तसं बोलतो, गुरुजी,” ते मला सांगत. “पाठ फिरवली की त्याला वाटंल तसं.”

ते मूळचे लिंबागणेशचे. तरुणपणी कोल्हापूरच्या स्टुडिओत गेले. आधी सामान वाहिले, मग संवाद लिहिले, शेवटी स्वतःच्या दिग्दर्शनाखाली दोन चित्रपट केले. पहिला बरा होता. दुसरा कुणालाच आवडला नाही, त्यांना स्वतःलाही नाही. “त्यात एक बी माणूस न्हाई, नुसते नट हायेत,” एवढेच ते त्याविषयी बोलत. तो पडद्यावरून उतरला तसे तेही गावी परतले.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातील एका सहकारी साखर कारखान्याने ठरवले की, या दुष्काळावर एक छोटा चित्रपट काढावा. हे काम डायरेक्टरांकडे आले. अडचण एकच होती. त्यांचे शिक्षण निजामाच्या काळातले. त्यामुळे ते पटकथा मराठीत रचत, पण लिहीत उर्दू लिपीत. ती कॅमेरामनलाही वाचता येईना. मी कारखान्याच्या शाळेत शिक्षक होतो, अजून कायम झालो नव्हतो. अक्षर बरे म्हणून चेअरमनसाहेबांनी मला त्यांच्याकडे लेखनिक म्हणून पाठवले.

ते माझ्याकडे पाठ करून वाचत आणि मी देवनागरीत उतरवून घेई. नंतर मी ते त्यांना वाचून दाखवायचे. एखादे ओबडधोबड वाक्य मी नकळत नीटनेटके केलेले असे. तिथे त्यांची मान ताठ होई.

“गुरुजी, हे कोण बोललं?”

“मीच जरा...”

“तुमी चित्रात हायेत का?”

“नाही.”

“मग गप बसा की!” आणि पाठमोरेच हसत.

त्या पटकथेचा शेवट असा होता : टँकरवरून भरून आणलेली घागर एका बाईच्या हातून निसटते, पाणी भेगाळलेल्या जमिनीत मुरते, आणि ती बाई तशीच उभी राहते. पालीजवळ, बिंदुसरेच्या कोरड्या पडलेल्या तळ्यात, हे चित्रण ठरले. नटी आणायची नव्हती. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावरच्या गयाबाईंना डायरेक्टरांनी बोलावले होते. त्यांचे बोलणे ते आठ दिवस पाठमोरे बसून ऐकत होते.

फिल्म थोडीच उरली होती. कॅमेरा सुरू झाला. गयाबाई चालत आल्या, ठरल्या जागी घागर कलली, आणि त्यांचा दुसरा हात आपोआप खाली गेला. घागर सावरली. दुसऱ्या वेळी त्या घागरीसकट गुडघ्यावर बसल्या, पण थेंब सांडला नाही. तिसऱ्या वेळी कॅमेरामन ओरडत होता, “सोड! अगं सोड!” गयाबाईंनी घागर पोटाशी धरली.

बघायला जमलेल्या बायकांतून आवाज आला, “कावून गं गये, घरी तर लई आदळआपट करतीस!”

“भांडी आदळते बये, पाणी न्हाई!” गयाबाई म्हणाल्या, आणि मग खाली बघून डायरेक्टरांना म्हणाल्या, “साहेब, हात ऐकत न्हाई. रिकामी द्या, लागंल तेवढ्या बारी टाकते.”

सारे हसले. डायरेक्टर आमच्याकडे पाठ करून एका दगडावर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली. “गुरुजी, कागद काढा. घागर पडते, हे खोडा.”

“मग शेवट?”

“पडत न्हाई. ती घेऊन जाती. तिनं खरं केलं, मीच खोटं लिवलं होतं.”

चौथ्या वेळी गयाबाई भरली घागर घेऊन त्या भेगांवरून चालत गेल्या. कॅमेरा हलला नाही. त्या पलीकडच्या काठावर दिसेनाशा होईपर्यंत तो चालू होता. उरलेली सगळी फिल्म त्यात संपली.

पुढच्याच आठवड्यात डायरेक्टरांना कावीळ झाली आणि ते लिंबागणेशला पडून राहिले. इकडे चेअरमनसाहेबांनी तयार झालेला चित्रपट पाहिला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी उघडलेल्या छावणीत त्या वर्षी कितीतरी जनावरे जगली. ते मला म्हणाले, “गुरुजी, शेवट लई कोरडा हाय. लोकांनी काय घेऊन घरी जायचं? ऊस दाखवा, पाटाचं पाणी दाखवा, दोन चांगले शब्द घाला. तुमच्याच अक्षरात हाय ना सगळं? मग तुमीच लिवा.”

मी लिहिले. एका बैठकीत लिहिले. गयाबाईंचा तुकडा निघाला, हिरवा ऊस आला, आणि त्यावर माझे निवेदन आले. त्या काळात डायरेक्टरांना भेटायला मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा उसाचा रस नेला. तिन्ही वेळा त्यांनी विचारले, “चित्राचं कुठवर आलं?” आणि मी म्हणालो, “चाललंय.”

चित्रपट दाखवला तो कारखान्याच्या गोदामात, भर दुपारी, दारे लावून. मळीचा वास कोंडला होता. बायका एका बाजूला बारदानावर बसल्या होत्या. डायरेक्टर अशक्त झाले होते, तरी आले, आणि पडद्याकडे पाठ करून खुर्चीवर बसले. मी बायकांच्या मागे उभा होतो. अर्धा चित्रपट झाल्यावर गयाबाईंनी मान वळवून विचारले, “गुरुजी, माझं कवा येतंय?”

“येईल,” मी म्हणालो.

ऊस आला. पाट आले. टाळ्या झाल्या. दारे उघडल्यावर गयाबाई डोळ्यांवर पदर धरून उन्हात निघून गेल्या.

डायरेक्टर सर्वांत शेवटी उठले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी बोलताना माझ्या तोंडाकडे पाहिले. “वाक्यं चांगली हायेत, गुरुजी. कुणाच्याच तोंडची न्हाईत, पण चांगली हायेत.”

पटकथा आणि दिग्दर्शन म्हणून पडद्यावर त्यांचेच नाव होते. ते काढा, असे ते म्हणाले नाहीत. त्यानंतर त्यांनी चित्रपट केला नाही.

मी कायम झालो तेव्हा त्यांना पेढे द्यायला गेलो. का गेलो, हे आजही सांगता येत नाही. त्यांनी एक पेढा खाल्ला, आत गेले आणि पत्र्याचा एक गोल डबा घेऊन आले. चित्रपटातून काढलेला तुकडा त्यांनी कारखान्याकडून मागून घेतला होता.

“तुमचं अक्षर चांगलं हाय. ह्याच्यावर नाव घाला.”

“काय घालू?”

“गयाबाई.”

मी घातले. ते म्हणाले, “आता तुमच्यापाशीच राहू द्या,” आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी डबा उचलून आलो.

दोन वर्षांनी ते गेले. मी मातीला गेलो होतो. मला रडू आले नाही. अजूनही येत नाही. डबा माझ्या कपाटात आहे. अलीकडे उघडला की आंबूस वास येतो. जाणकार म्हणतात, फिल्म खराब होऊ लागली की असा वास सुटतो. मी तो तुकडा एकदाही पाहिलेला नाही. गयाबाईंची मुलगी पालीला असते. तिनेही पाहिलेला नाही.

सोळा मिलिमीटरची फिल्म चालवणारे, चालू स्थितीतले यंत्र तुमच्यापैकी कुणाकडे आहे का?