अकरावं नाव

आषाढ वद्य चतुर्थी, गुरुवार, सकाळी नऊ. कावेरीकाठी वेंकण्णाच्या दहनाला हजर: त्याचा मुलगा, दोन जावई, मी म्हणजे त्याचा मावसभाऊ, एक भटजी, आणि आमच्या वाचनालयाच्या समितीचे सात सभासद, हारांसह. भटजी पापनाशमहून आणावे लागले, कारण कुंभकोणमच्या चौघांनी नकार दिला. ज्यांनी बावीस वर्षं वेंकण्णाच्या घरी पाण्याचा थेंब घेतला नाही, तेच सात जण हार घेऊन पुढे सरसावले होते. ‘गावाचा अभिमान गेला’ असं त्यांच्यातला एक म्हणाला. मी ऐकून घेतलं. आणि साठेक पावलांवर, उताराखाली, एकटा उभा होता मारिमुत्तु. त्याला कोणी जवळ बोलावलं नाही. मीही नाही.

वेंकण्णा शाळेत कवाईत शिकवी. फुटबॉलचा संघ त्यानंच उभा केला आणि चिटणीस म्हणून मला धरलं, कारण कोणाला कधी, कुठे यायचं हे मी लिहून ठेवत असे. चेंडू उसवला की इन्नंबूरच्या वाटेवर मारिमुत्तुकडे शिवायला जाई. चामड्याचं काम करणारा माणूस, लांब हातांचा, कमी बोलणारा. एकदा शिवलेला चेंडू तपासायला वेंकण्णानं तो जोरात भिंतीवर मारला, तो उलटून आला आणि मारिमुत्तुनं बसल्या जागेवरून एका हातात झेलला. “ह्याच्या हातून माशीसुद्धा जायची नाही,” वेंकण्णा मला म्हणाला, आणि आमचा गोलरक्षक ठरला. मैदानावर कोणी हरकत घेतली नाही. मैदान उघड्यावर होतं...

त्या वर्षी तिरुचीहून गोऱ्या साहेबांचा संघ आला. त्यांच्या पायांत बूट, आमचे पाय अनवाणी. वेंकण्णानं कपाळानं एक गोल मारला आणि मग अर्धा तास मारिमुत्तुनं एकट्यानं किल्ला लढवला. शेवटचा फटका त्यानं छातीवर घेतला, पडला, पण चेंडू सोडला नाही. आम्ही जिंकलो. साहेबाला हरवता येतं हे त्या संध्याकाळी कुंभकोणमनं पहिल्यांदा पाहिलं. एरवी बाजारात, मराठी राजांबरोबर इकडे आलेल्या आम्हा मराठी माणसांना “काय राव, राज्य तर गेलं, आता काय करणार?” असं चिडवायचे. त्या दिवशी विड्याच्या पानांच्या टोपल्या टाकून तमिळ माणसं धावत आली, तांब्यापितळेच्या दुकानातले मुसलमान व्यापारी आले, आणि सगळ्यांनी वेंकण्णाला खांद्यावर घेतलं. आमचे वकीलकाका बाकावर चढून ओरडले, “आज हिंदुस्थान जिंकला!” मी रडलो. खोटं कशाला सांगू, आपला एक देश आहे असं मला त्या आधी कधी वाटलंच नव्हतं.

तो देश दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. वकीलकाकांकडे विजयाचं जेवण होतं. आत ब्राह्मणांची पंगत, ओसरीवर इतरांची, आणि मागे गोठ्याजवळ एक पान. कोणी कुठे बसायचं ती यादी मीच केली होती, चांगल्या अक्षरात. वेंकण्णानं पहिला घास घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि उठला.

“भरल्या पानावरून उठतात काय रे?” वकीलकाका कडाडले.

“आमचा गोलरक्षक कुठे जेवतोय ते बघतो, काका.”

“त्याला सगळं पाठवलंय की. लाडू दोन जास्तच दिलेत.”

“त्यानं शिवलेला चेंडू काल मी कपाळावर घेतला. तुम्हीच टाळ्या पिटल्यात. तेव्हा सोवळं कुठे होतं, खुंटीवर?”

त्यानं स्वतःचं केळीचं पान उचललं, गोठ्याजवळ नेलं आणि मारिमुत्तुसमोर मांडी घालून जेवला. अगदी ताक-भातापर्यंत. महिन्याभरात वेंकण्णाला वाळीत टाकलं. सरावाला येणं एकेकानं बंद केलं आणि संघ मोडला. साहेबांच्या बुटांना जे जमलं नाही, ते आमच्या पंगतीनं करून दाखवलं.

वाचनालयाचा चिटणीसही मीच; तिथे मात्र विजयाची पाटी लागली. शिसवी लाकूड, सोनेरी अक्षरं, दहा नावं. फुटबॉल अकरा जण खेळतात हे समितीतल्या एकालाही आठवलं नाही. दर दसऱ्याला सोनं द्यायला आला की वेंकण्णा विचारी, “नाव घातलंस काय रे?” मी म्हणे, “समितीपुढे ठेवतो, अण्णा.” एका वर्षी तो म्हणाला, “तू याद्या सुरेख करतोस. माणसं मोजायला तेवढी शिकला नाहीस.” हल्ली परदेशात आपले खेळाडू जिंकल्याची बातमी आली की त्याच पाटीखाली साखर वाटतात. “आपले म्हणजे नेमके किती जण?” एवढंच तो विचारायचा. मला राग यायचा. आता कळतं, तो त्याच्यावरचा नव्हता.

तेराव्यानंतर मी समितीला विचारलं नाही. रंगारी बोलावला, पाटी उतरवली, समोर उभा राहून अकरावं नाव लिहून घेतलं. रंग वाळल्यावर इन्नंबूरच्या वाटेला गेलो. मारिमुत्तु आता वाकलाय, पण हात तेवढेच लांब आहेत. मी त्याला बातमी सांगितली. त्यानं आरी खाली ठेवली.

“कुठे आहे पाटी, सामी?”

“वाचनालयात. आतल्या दालनात.”

“मग उद्या बघायला येऊ?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच यायचं होतं. वाचनालयाची किल्ली माझ्या कमरेला होती, आणि मी म्हणालो, “समितीला विचारून सांगतो.”

त्याला आज सतरा दिवस झाले. मी अजून विचारलेलं नाही.